जमीन आणि जमीर

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एके काळी पगारबिले, बदली तास आणि दहावीच्या निकालाच्या गोष्टी चालत. आता मधल्या सुट्टीत चहा आला की गोष्ट गुंठ्यावर येते. कोणी कुठे घेतला, काय भावाने घेतला, बिनशेती झाला की नाही, रस्ता किती फुटांचा. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. आमच्या तोंडी पूर्वी गालिब असे, आता सातबारा असतो.

यात हसण्यासारखे फारसे काही नाही. आमच्या पिढीचे शिक्षक १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले. जुनी पेन्शन आमच्या वाट्याला आली नाही. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून महिना आठ हजारांवर काढली. पुढे पगार बरा झाला, चार पैसे शिल्लक पडू लागले. ते ठेवायचे कुठे? बँकेत मुदत ठेव करावी तर व्याजाचा मसला. शेअर बाजाराचे आम्हाला कळत नाही. सोने घरातल्या लग्नांना पुरत नाही. राहता राहिली जमीन. जमीन व्याज देत नाही, म्हणून ती हलाल, इतका साधा हिशेब आमच्यातल्या बहुतेकांनी मनाशी केलेला असतो. शिवाय एक कारण कोणी उघड बोलत नाही. या भागात भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज बदलतो, याचा अनुभव आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला आहे. आपल्या नावाचा एक तुकडा कुठेतरी असावा ही ओढ त्यातूनही येते.

आणि जमिनीचे वारे आमच्याच अंगणात सुटलेले. तारापूरची पहिली अणुवीज १९६९ची. मग औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले, बोईसर फुगत गेले. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावे उठली. २०१३च्या एप्रिलमध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन २०१७मध्ये झाले, त्यात एक स्थानक बोईसरला धरलेले आहे. मग वाढवण बंदर. १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने हे बंदर नाकारले होते. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ऑगस्टअखेरीस पायाभरणी झाली. मच्छीमार काळे झेंडे घेऊन उभे होते तेव्हा दलालांचे फोन जोरात होते. आम्ही वर्गात बंदरांचा धडा शिकवतो, आणि घरी येऊन त्याच बंदरापासून किती किलोमीटरवर गुंठा परवडेल ते नकाशावर मोजतो. हे दोन्ही आम्हीच.

तर आम्ही चौघांनी ठरवले की एकत्र मिळून जमीन घ्यावी. गणिताचे सर, उर्दूच्या आपा, पी.टी.चे सर आणि हे लिहिणारे आम्ही, इतिहास-भूगोलवाले. दोन वर्षे बिशी भरून आणि थोडे इकडून तिकडून जमवून नऊ लाखांची बेरीज झाली. कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आमच्यात शेतकरी एकच, गणिताचे सर. त्यांच्या वडिलांचा सातबारा रत्नागिरी जिल्ह्यातला. म्हणजे जमीन त्यांच्या नावे आणि आमच्या तिघांचे हिस्से एका स्टॅम्पपेपरवर. हे त्या वेळी आम्हाला अगदी सरळ वाटले होते. पुढे का वाटेनासे झाले ते सांगणारच आहोत.

दलालाने एका रविवारी दोन जमिनी दाखवल्या. पहिली आत, साग आणि पळसाच्या रानाला लागून, एका वारली कुटुंबाची. भाव असा की ऐकून पी.टी.चे सर मोटारसायकलवरून उतरायचेच थांबले. सातबाऱ्यावर इतर हक्कांत शेरा होता: कलम ३६ आणि ३६अ. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या या कलमाने ६ जुलै १९७४पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विकता येत नाही. दलालाकडे उत्तर तयार होते. दुसऱ्या एका आदिवासी माणसाच्या नावे खरेदी करायची, त्याला वरचे थोडे पैसे द्यायचे, आपण ताबा घ्यायचा आणि कुंपण घालायचे. "सर, सगळे असंच करतात," तो म्हणाला.

ही जमीन आम्ही नाकारली. त्याची फार फुशारकी मारण्यात अर्थ नाही, कारण कायद्याची भीती होतीच. पण इतिहास शिकवणाऱ्याला त्या शेऱ्यामागची कथा ठाऊक असायला हवी. १९३९च्या सिमिंग्टन अहवालात इंग्रज अधिकाऱ्याने या भागातल्या वेठबिगारीचे आणि सावकारीचे वर्णन करून ठेवले आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक आमच्या शाळेच्या कपाटात असते तर बरे झाले असते. ३६अ हे कलम अशा दीडशे-दोनशे वर्षांच्या लुटीवर उशिरा लावलेले कुलूप आहे, आणि आम्हाला त्याची बनावट किल्ली देऊ केली होती.

अशी किल्ली सगळीकडे मिळते म्हणा. इंडोनेशियाचे उदाहरण पाहा. १९६०च्या कृषी कायद्याने तिथे जमिनीची पूर्ण मालकी फक्त त्या देशाच्या नागरिकालाच मिळते. या मालकीला ते 'हक मिलिक' म्हणतात. आमच्या उर्दूतले हक आणि मिल्क हेच दोन शब्द, समुद्र ओलांडून गेलेले. परदेशी माणसाला बालीत किंवा एखाद्या दूरच्या नदीकाठी जमीन हवी असली की तो गावातल्या कोणाच्या तरी नावावर ती घेतो आणि मागून एक खासगी करार करतो. नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा. उर्दूच्या आपांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपण तिघे कोण? आपल्या स्टॅम्पपेपरला काय म्हणायचं?" आम्ही गप्प बसलो. गणिताचे सर म्हणाले, तो भाग वेगळा. वेगळा होता खरा. वारल्याच्या जमिनीत लुटला जाणारा एक माणूस होता, आमच्या कागदात तसा कोणी नव्हता. पण खोटे बोलणे दोन्हीकडे होते.

दुसरी जमीन सूर्या नदीच्या काठी, मनोरकडून आत गेलेल्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचे नाव लिहीत नाही. वाटेत फरशी पूल आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की गाव दोन-दोन दिवस तुटते. भाताची खाचरे, भात निघाल्यावर ओलीवर टाकलेले वाल, काठाला जांभळीची झाडे. बहाडोलीच्या जांभळांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, इथली जांभळे मात्र बिननावाची मनोरच्या बाजारात जातात. एसटी दिवसातून दोनदा. मुलगी आठवीत गेली की शिक्षण सोडते, कारण पुढची शाळा नदीपलीकडे. शिक्षक म्हणून ही गोष्ट आमच्या मनाला आधी लागायला हवी होती. त्या दिवशी आम्ही नदीचा देखावा पाहत होतो.

नदीकाठच्या गावांविषयी शहरात राहणाऱ्याला मोह असतो. आम्हालाही होता. बी.एड.साठी जाताना सफाळे सोडले की गाडी वैतरणेच्या पुलांवर येई. खाली खाडी, कांदळवन, मधोमध वाढीव गाव. किती सुंदर, असे वाटे. मग एकदा पुलावर, रुळांच्या शेजारून, डोक्यावर बोचके घेऊन चालणाऱ्या बायका दिसल्या. त्या गावाला पिढ्यानपिढ्या रस्ता नव्हता. होडी नाहीतर रेल्वेचा पूल. गाडी आली की कडेला अंग चोरून उभे राहायचे, आणि गाडीतून भाविकांनी फेकलेल्या नारळांपासून डोके वाचवायचे. खाली रेतीवाले काठ पोखरत होते ते निराळेच. गावाचे नाव वाढीव आणि गावाची जमीन दरवर्षी घटती. डब्यात खिडकीशी बसलेल्याला जे सुंदर वाटते ते पुलावर चालणाऱ्याला तसे वाटत नसते, हे तेव्हा कळले होते. जमीन पाहायला गेलो तेव्हा विसरलो.

जमिनीची मालकीण सत्तरीपुढची आजी. कुणबी. वीस गुंठे तिच्या एकटीच्या नावे, कुठलाही शेरा नाही, वारस म्हणून एक मुलगा, तो बोईसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आजीने आम्हाला गुळाचा काळा चहा दिला. दलालाने तिच्यासमोर भाव सांगितला: पंचेचाळीस हजार गुंठा. आजीने मान डोलावली. आपा म्हणाल्या, "आजी, हा भाव तुम्ही ठरवलात?" आजी म्हणाली, "मना काय ठावं, बाय. हा सांगतो तो भाव." दलाल हसला. आम्हीही हसलो. वीस गुंठ्यांचे नऊ लाख. आमच्याकडे बरोबर नऊच लाख होते. अल्लाहनेच बेरीज जुळवून ठेवली असे पी.टी.चे सर म्हणाले आणि पन्नास हजार इसार देऊन आम्ही परतलो.

गणिताचे सर स्वभावाने गणिताचेच. त्यांनी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर त्या गावच्या आणि शेजारच्या गावच्या खरेदीखतांच्या सूची क्रमांक दोन काढल्या. सव्वा वर्षात झालेले सहा व्यवहार. भाव एक लाख दहा हजारापासून एक लाख तीस हजारापर्यंत. मधला धरला तर एक लाख वीस. म्हणजे आजीची जमीन चोवीस लाखांची आणि आम्ही नऊ देणार. सरांनी कागद टेबलावर ठेवला तो आनंदाने. "पंधरा लाखांचा फायदा पहिल्याच दिवशी." आपांनी कागद वाचला आणि चहा तसाच ठेवला.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या स्टाफरूममध्ये जो वाद झाला तसा आम्ही बी.एड.च्या तत्त्वज्ञानाच्या पेपरातही कधी वाचला नव्हता. तो इथे मांडायचे कारण एवढेच की हा वाद अनेक घरांत व्हायला हवा आणि होत नाही. जमीन हलाल आहे म्हणून आपण निश्चिंत होतो. सौदा हलाल आहे का, हे विचारत नाही.

सरांची बाजू कच्ची नव्हती. दोन्ही बाजू राजी, कोणी खोटे बोलले नाही, वजनात माप मारले नाही. रसूलुल्लाहांनी (स.) महागाईच्या काळात लोकांनी मागणी करूनही भाव ठरवून द्यायला नकार दिला होता. मग बाजारात जो भाव जुळतो तो जुळतो. त्यांनी उरवा बारिकी यांचीही गोष्ट सांगितली. रसूलुल्लाहांनी त्यांना एक दीनार देऊन बकरी आणायला पाठवले. त्यांनी एका दीनारात दोन घेतल्या, एक दीनारला विकली, आणि बकरी आणि दीनार दोन्ही परत आणून दिले. रसूलुल्लाहांनी त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. "चतुराईला इस्लाममध्ये बंदी नाही," सर म्हणाले. आणि ते खरेच आहे.

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. आम्हाला फरक सापडला तो जागेचा. उरवा यांचा सौदा बाजारात झाला. तिथे बकरी विकणाऱ्याला शेजारचा काय भावाने विकतो हे दिसत होते, दोन पावले चालून विचारता येत होते. आमची आजी बाजारात नव्हती. आणि हदीसमध्ये नेमकी अशीही गोष्ट आहे. बाहेरून माल घेऊन काफिला यायचा. शहरातले हुशार लोक पुढे जाऊन त्याला वाटेतच गाठायचे आणि बाजारभाव कळण्याआधी माल स्वस्तात घ्यायचे. याला तलक्की म्हणतात. रसूलुल्लाहांनी ते मना केले. शाफई फिकहमध्ये तर असे फसलेल्या विक्रेत्याला बाजारात पोहोचून भाव कळल्यावर सौदा मोडण्याचा हक्क आहे. हनफी इतके पुढे जात नाहीत, पण भाव लपवला गेला असेल तर सौद्याला मकरूह म्हणतात. मोटारसायकलवर बसून फरशी पूल ओलांडून आम्ही दुसरे काय केले होते? काफिला आमच्याकडे आलाही नव्हता, आम्हीच त्याच्या घरात जाऊन चहा प्यालो होतो.

गंमत म्हणजे आमच्यात गणिताचे सर तेवढे शाफई, कोकणी. बाकी तिघे हनफी. सरांच्याच मजहबचा नियम सरांच्या विरुद्ध गेला. ते म्हणाले, "मग मी हनफी मसला घेतो." सगळे हसले. पण हनफी पुस्तकातही सुटका फार मोठी नाही. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेला 'मजल्ला' हा दिवाणी कायदा तयार झाला. त्यात भावातली फसवणूक कधी भारी धरायची याचे मापच दिले आहे: मालात विसावा हिस्सा, जनावरात दहावा, जमीनजुमल्यात पाचवा. आमच्या हिशेबाने एक लाख वीस हजाराचा पाचवा हिस्सा चोवीस हजार. शहाण्णव हजारांपर्यंत ठीक, त्याखाली भारी फसवणूक. आम्ही पंचेचाळीसवर होतो. मात्र त्याच कायद्यात पुढे हेही आहे की नुसता भाव कमी असल्याने सौदा मोडत नाही, सोबत धोका दिलेला असावा लागतो. यतीमाचा माल, वक्फ आणि बैतुलमाल एवढेच अपवाद. म्हणजे सर अदालतीत जिंकले असते. धोका दलालाने दिला, आम्ही फक्त हसलो.

अदालतीत जिंकणारा माणूस जमीरसमोर जिंकतोच असे नाही, हे सांगायला हजरत जरीर यांची गोष्ट आपांनी काढली. त्यांच्या नोकराने तीनशे दिरहमला घोडा ठरवला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, चारशे घे. असे करत स्वतःच आठशेपर्यंत नेले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतीन अशी बैअत मी रसूलुल्लाहांच्या हातावर केली आहे.

पी.टी.चे सर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "प्रत्येक मुसलमानाचे. आजी तर मुसलमान नाही." हे वाक्य छापावे की नाही याचा आम्ही विचार केला. छापतो आहोत, कारण असे वाक्य आपल्यात बोलले जाते, आणि दुसऱ्या समाजांतही आपल्याविषयी बोलले जाते. फोनवरचा आवाज बदलतो तो अशाच वाक्याने. आपांनी शांतपणे उत्तर दिले. कुरआनात हजरत शुऐब आपल्या कौमला लोकांच्या वस्तूंची किंमत कमी करून त्यांना नाडू नका असे बजावतात, तिथे शब्द 'नास' आहे. नास म्हणजे लोक. त्यात आजी येते. पी.टी.चे सर भले माणूस आहेत. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे, आपा. पण माझे सव्वादोन लाख आहेत त्यात, आणि तीन मुली आहेत." यावर कोणाकडे आयत नव्हती.

आमच्या मनात एक प्रश्न आणखी घोळत होता, तो कोणी काढला नाही. एक लाख वीस हजार हा भाव तरी कोणाचा? आजीने जमिनीत भात पिकवले, वाल पिकवले, त्याने भाव पंचेचाळीसचा एक लाख वीस झाला नाही. आम्ही तर तिथे एक दगडही हलवला नव्हता. भाव वाढवला तो बंदराने, बुलेट ट्रेनने, महामार्गाने. म्हणजे सरकारी पैशाने, आणि ज्यांचा समुद्र, ज्यांची खाचरे गेली त्यांच्या नुकसानीने. वाढवणच्या मच्छीमाराचे जाळे ज्या दिवशी उभे राहायचे थांबेल त्या दिवशी आमचा गुंठा आणखी महाग होईल. हा नफा व्याज नाही, हे मान्य. पण बसल्या जागी वाढणारा पैसा म्हणून ज्या कारणाने आपण व्याजापासून लांब राहतो, ते कारण इथेही दार ठोठावते आहे. पडीक जमीन ज्याने खांब रोवून अडवली आणि तीन वर्षे काही केले नाही, त्याचा तिच्यावरचा हक्क संपतो, असा हजरत उमर यांचा निर्णय आहे. तो बिनमालकीच्या जमिनीपुरता आहे, विकत घेतलेल्या जमिनीला तो लागू नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मनोरच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना सिमेंटचे खांब, काटेरी तार आणि आत माजलेले गवत दिसते तेव्हा तो निर्णय आठवतो. ज्याच्याकडे जमीन असेल त्याने ती कसावी, नाहीतर आपल्या भावाला कसायला द्यावी, ही हदीस तर सगळ्यांच्या ओळखीची. त्या तारेच्या आत पूर्वी वाल होता.

शेवटी असे ठरले की आजीला भाव सांगायचा. तिघे एका बाजूला, गणिताचे सर एका बाजूला. पण सर आमच्याबरोबर आले. सूचीचे कागद त्यांनीच नेले आणि मुलाला समजावून त्यांनीच सांगितले, कारण आकडे त्यांना चांगले सांगता येतात. आम्ही म्हणालो, आमच्याकडे नऊ लाख आहेत. त्यात शहाण्णवच्या भावाने नऊ-सव्वानऊ गुंठे येतात, पण इतका छोटा तुकडा कायद्यात बसत नाही. तेव्हा तुम्ही योग्य भावाचा गिऱ्हाईक पाहा, इसार परत द्या. आजी कागदाकडे पाहत राहिली. मुलगा दोनदा आमच्या पाया पडायला वाकला. आम्हाला संकोच वाटला आणि खोटे कशाला बोला, बरेही वाटले. परत येताना फरशी पुलावर पी.टी.चे सर म्हणाले, आज झोप चांगली लागेल.

वाचकहो, गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला सांगण्यात आम्हाला मोठा आनंद वाटला असता.

अडीच महिन्यांनी त्या वीस गुंठ्यांची सूची क्रमांक दोन संकेतस्थळावर आली. गणिताचे सर ती रोज पाहत असावेत. खरेदीदार मुंबईचा कोणी. भाव पंचावन्न हजार. कागदावरचा आकडा नेहमी खराच असतो असे नाही, म्हणून आम्ही मुलाला भेटलो. खरा होता. आजीला अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्याचे बिल, पुढची औषधे. एक लाख वीसचा गिऱ्हाईक शोधायला वेळ हवा होता. एक आला, त्याने तीन महिन्यांनी पैसे देतो म्हटले. दलालाने पंचावन्नवाला त्याच आठवड्यात रोख घेऊन आणला. मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं होतं, ठाऊक होतं मला. पण काय करणार?"

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी ओरडायला हवे होते. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "आपल्या तकव्याचा फायदा कोणाला झाला? त्या मुंबईवाल्याला. आजीला गुंठ्यामागे दहा हजार जास्त मिळाले, चौदा मुलांच्या नशिबातून जमीन गेली." चौदा म्हणजे आमच्या चौघांची मुले.

या प्रश्नावर आमचे उत्तर अजून पक्के नाही. आपा म्हणतात, आपले काम सांगण्याचे होते, परिणाम अल्लाहच्या हाती. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. भाव ठाऊक नसणे ही आजीची एकच अडचण आहे असे आम्ही धरून चाललो. ज्ञान दिले की झाले, ही शिक्षकाची खोड. पण गरिबाच्या भावात अज्ञान जितके असते तितकीच घाई असते, किंवा जास्त. मजबुरीतल्या माणसाच्या सौद्याला फुकहांनी नापसंत म्हटले आहे, तेही आम्ही वाचले होते. वादात आम्ही तलक्की काढली, मजल्ला काढला, हे पान उलटलेच नाही. मुलगा घाईत सापडला तेव्हा आमचे नऊ लाख बँकेत चालू खात्यात पडून होते, व्याज नको म्हणून. दवाखान्याच्या बिलापुरते दोन लाख कर्जे-हसना दिले असते तर त्याला तीन महिने थांबता आले असते. त्याने मागितले नाहीत. आमच्या मनात आले नाही. आम्ही भाव सांगून हात झटकले होते आणि चांगली झोप घेत होतो.

हे आम्ही सरांना बोललो तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "आणि त्याने परत केले नसते तर?" शक्य आहे. हजार वेळा शक्य आहे. कर्जे-हसना देणाऱ्याने ही शक्यता धरूनच द्यायचे असते, पण तीन मुली असलेल्या पी.टी.च्या सरांच्या सव्वादोन लाखांतून हे आम्ही कसे ठरवणार होतो, हेही खरे.

नऊ लाखांचे अजून काही झालेले नाही. आपांनी आपला हिस्सा काढून घेतला, भाच्याच्या दुकानाला भागीदारीत दिला. नफा-तोटा निम्मा निम्मा. बाकी आम्ही तिघे. मागच्या महिन्यात दलालाचा फोन आला. वैतरणेच्या काठी, सर, एकदम पाण्याला लागून, मालकाला घाई आहे. गणिताच्या सरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि विचारले, "घाई कशाची आहे?" तिकडून काही क्षण आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "ते मी विचारलं नाही, सर." सरांनी मालकाचा नंबर मागितला. दलाल म्हणाला, नंतर पाठवतो. अजून पाठवलेला नाही.